वैयाकरण, सारथी आणि मोठी माय

भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांची थट्टा करण्याचा पहिला मान आमच्याकडे येत नाही. तो दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी पतंजलीने घेऊन ठेवला आहे, आणि तो स्वतःच वैयाकरण असल्यामुळे त्याच्या अधिकाराविषयी कोणी शंकाही काढू शकत नाही. महाभाष्यात एक वैयाकरण रथापाशी येतो आणि विचारतो की या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी म्हणतो, ‘प्राजिता’ मी. वैयाकरण तत्काळ हरकत घेतो : हा अपशब्द झाला. सारथी त्यास सुनावतो की महाराज, सूत्र कुठे लागू पडते एवढेच आपणांस ठाऊक. लोकांना कोणते रूप इष्ट वाटते ते ठाऊक नाही. चिडलेला वैयाकरण मग सारथ्याला ‘दुरुत’ म्हणून हिणवतो, तर सारथी त्याची शिवीसुद्धा दुरुस्त करून देतो. ‘सूत’ या शब्दाची फोड आपण समजता तशी नाही. निंदाच करावयाची असेल तर ‘दुःसूत’ म्हणावे.

या एका गोष्टीत भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाची सारी लक्षणे आली आहेत. ज्याला रथात बसून कुठे तरी जायचे होते तो जायचे विसरला. ज्याने उत्तर दिले त्याच्या उत्तराकडे त्याचे लक्ष गेले नाही, उत्तरातल्या प्रत्ययाकडे गेले. आणि ज्याला अडाणी समजला त्याच्याचकडून व्याकरण शिकून परतला. मधल्या काळात रथाच्या जागी एस.टी.ची लाल बस आली, इतकाच फरक. म्हणून पुढे जे लिहीत आहोत त्यात नवे काही शोधून काढल्याचा आमचा दावा नाही. जुन्याच मूर्तीला खानदेशी शेंदूर लावण्याचा हा उद्योग आहे.

या उद्योगाचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर एवढेच की आम्ही शिरपूरचे. अरुणावतीच्या काठचे हे गाव. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, आणि मधून मुंबई-आग्रा महामार्ग. सातपुडा ओलांडला की सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेश. आमच्या बसस्थानकावर अर्धा तास उभे राहिले तर अहिराणी, गुजरी, पावरी, भिली, बंजारा, मराठी, हिंदी आणि पलीकडून आलेली निमाडी अशा सगळ्या बोली कानांवरून जातात. शिवाय कंडक्टरची स्वतंत्र भाषा असतेच. सामान्य माणूस या गोंगाटात आपली बस शोधतो. भाषाशास्त्राचा प्राध्यापक मात्र डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून, सतार ऐकावी तसा तो गोंगाट ऐकत उभा राहतो आणि त्याची बस निघून जाते. असे प्राध्यापक आमच्याकडे दिवाळीच्या सुटीपासून होळीपर्यंत येत राहतात. गेली कित्येक वर्षे आम्ही त्यांचे निरीक्षण केले आहे. त्यांनी आमचे केले, आम्ही त्यांचे केले, फिट्टंफाट.

पहिली गोष्ट अशी, की यांना आपल्या विषयाचे नावच ठरवता आलेले नाही. एक म्हणतो भाषाशास्त्र, दुसरा म्हणतो भाषाविज्ञान, आणि दोघे एका व्यासपीठावर आले तर पहिला अर्धा तास शास्त्र आणि विज्ञान यांतील भेदावर खर्ची पडतो. फोनीम म्हणजे स्वनिम की वर्ण, आणि मॉर्फीम म्हणजे रूपिम, रूपिका की पदिम, यावर तर मैत्र्या तुटल्याचे सांगतात. सबंध मानवजातीच्या भाषिक व्यवहाराचे नियम सांगणाऱ्या या मंडळींचा आपसांतला भाषिक व्यवहार असा खुंटलेला असतो. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे जुने लोक म्हणत. आमचा अनुभव असा की अर्धी मात्रा वाढली तर त्यांच्या घरी सुतक पडते.

दुसरी गोष्ट : त्यांना किती भाषा येतात, हे कधीही विचारू नये. गावातला प्रत्येक माणूस मात्र नेमके तेच विचारतो. ‘भाषेचे प्राध्यापक का? मग भाषा किती येतात?’ या प्रश्नावर ते खिन्नपणे हसतात आणि सांगतात की वनस्पतिशास्त्रज्ञाला झाड होता येण्याची आवश्यकता नसते. हे वाक्य ते इतक्या वेळा बोललेले असतात, की त्याला आता अर्थ उरलेला नाही, केवळ चाल उरली आहे. चौदा भाषांमधील कर्मणी प्रयोगाचा तौलनिक अभ्यास केलेल्या एका गृहस्थांना आम्ही शिरपूरच्या बाजारात वांग्यांचा भाव करताना पाहिले आहे. चौदांपैकी एकही भाषा त्या वेळी त्यांच्या कामी आली नाही. वांगी महाग पडली. भरिताची होती, हे मात्र त्यांना बाईच्या ‘भ’वरून कळले असावे.

तिसरी गोष्ट म्हणजे ते आपल्या डोळ्यांकडे पाहत नाहीत, तोंडाकडे पाहतात. आपण तळमळीने काही सांगत असतो, समोरचा एकटक पाहत असतो, आपल्याला वाटते की काय हा श्रोता! आणि मग कळते की तो आपल्या जिभेचे टोक दातांना लागते की हिरड्यांना, एवढेच पाहत होता. खानदेशात ‘ळ’चा ‘य’ होतो. काळा तो ‘काया’, आणि डोळा तो ‘डोया’. हा ‘य’ ऐकला की प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते आम्ही एरवी फक्त खापरावरचे मांडे पाहिलेल्या जावयाच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. अहिराणीत मुलाला ‘आंडोर’ म्हणतात आणि मुलीला ‘आंडेर’. मधला एक स्वर बदलला की मुलाची मुलगी होते, हे कळल्यावर एका तरुण प्राध्यापकांनी वही मिटून अक्षरशः हात जोडले. ज्या घरात ते बसले होते त्या घरात त्याच आठवड्यात तिसरी ‘आंडेर’ झाली होती. एका स्वराने किती फरक पडतो यावर त्या घरातल्या म्हातारीचेही काही म्हणणे होते. ते मात्र वहीत उतरले नाही.

चौथी गोष्ट त्यांच्या उदाहरणांची. मराठी भाषाशास्त्रात राम नावाचा एक गृहस्थ गेली कित्येक दशके आंबा खात आहे. तो कधी आंबा खातो, कधी त्याच्याकडून आंबा खाल्ला जातो, कधी त्याला आंबा खाववत नाही, आणि सीता त्याला आंबा खायला लावते. आखाजी असो वा संक्रांत, या रामाला दुसरे फळ मिळत नाही. वाक्य चुकीचे असेल तर त्यापुढे हे लोक एक तारा काढतात. हॉटेलाला तारे मिळाले की दर चढतो, शिपायाला मिळाले की फौजदार होतो. वाक्याला मात्र तारा मिळाला की ते बाद. नंतर हे तारांकित वाक्य घेऊन ते गावभर फिरतात आणि प्रत्येकाला विचारतात, ‘असे म्हणता येईल का हो?’ चौथ्या माणसाने ‘म्हणता येईल की’ असे उत्तर दिले म्हणजे प्राध्यापकांच्या पंधरा वर्षांच्या सिद्धांताला भेग पडते आणि त्या माणसाचा उल्लेख तळटीपेत ‘काही भाषक’ असा होतो.

पाचवी गोष्ट व्युत्पत्तीची. हिचे आद्यपीठ आमच्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, धुळ्यात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला आणि पुढल्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे प्राध्यापक नव्हते. कोणत्याही विद्यापीठाला ते झेपलेही नसते. पण प्राध्यापकाची सर्व लक्षणे त्यांच्या ठायी मूळ रूपात होती. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा, दप्तरे शोधत गावोगाव हिंडायचे, आणि वाटेत जे ग्रामनाम, आडनाव किंवा क्रियापद भेटेल त्याची संस्कृतापर्यंत पाठलाग करून झडती घ्यायची. त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्ती पुढच्या पंडितांनी मान्य केल्या नाहीत. तरीही ज्ञानेश्वरीचे व्याकरण लिहायला १९०९ साली बसलेल्या त्या एकट्या माणसाकडे पाहून पुढच्या कित्येकांना हा नाद लागला, हे खरेच. ‘कोसला’ लिहिणारे भालचंद्र नेमाडे हे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांनीसुद्धा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा अभ्यास केला होता. तेव्हा खानदेशाने केवळ नमुने पुरवले असे नाही, नमुने गोळा करणारेही पुरवले आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भाषाशास्त्राचा प्राध्यापक म्हटला की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे ‘ती फुलराणी’तला अशोक जहागीरदार येतो. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी केलेले हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आले. सतीश दुभाषींचा तो प्राध्यापक आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली त्यांना वाटते की भाषाशास्त्रज्ञ म्हणजे फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवणारा माणूस. आजचा प्राध्यापक याच्या बरोबर उलट. मंजुळा शुद्ध बोलू लागली तर तो कपाळाला हात लावील. त्याच्या दृष्टीने एक उत्तम नमुना बिघडला. भाषेत शुद्ध-अशुद्ध काही नसते, बोलली जाते ती भाषा, हे त्याचे ब्रीद. आमच्याकडच्या एका व्याख्यानात हे ब्रीद एक तास ऐकवून झाल्यावर त्याच वक्त्यांनी निमंत्रणपत्रिकेतल्या दोन ऱ्हस्व-दीर्घांवरून संयोजकांना अर्धा तास धारेवर धरले होते. ब्रीद बोलीसाठी असते, निमंत्रणपत्रिकेसाठी नसते.

आता अहिराणीकडे वळू, कारण या सगळ्या मंडळींचे आमच्याकडचे खरे काम तेच. जॉर्ज ग्रिअर्सन या सनदी अधिकाऱ्याने हिंदुस्थानच्या भाषांचे जे अवाढव्य सर्वेक्षण केले त्याचे खंड १९०३ ते १९२८ या काळात निघाले. त्यांत १७९ भाषा आणि ५४४ बोली मोजल्या आहेत. पद्धत अशी, की प्रत्येक ठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे स्थानिक बोलीत भाषांतर मागवायचे, एखादी स्थानिक हकिगत मागवायची आणि ठरावीक शब्दांची व वाक्यांची यादी भरून घ्यायची. त्या काळी साऱ्या देशातले कारकून आपापली कामे टाकून त्या उधळ्या मुलाला घरी परत आणीत होते, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात आमची खानदेशी नाही. ती १९०७ सालच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली भाषांच्या शेजारी बसवलेली आहे. झाले! तेव्हापासून आजतागायत प्राध्यापकांचा वाद चालू आहे की अहिराणी ही मराठीची बोली, गुजरातीची मावसबहीण, की स्वतंत्र भाषा. उधळ्या मुलाला निदान बापाने ओळखले होते.

भाषा कोणती आणि बोली कोणती, यावर मॅक्स वाइनराइख या यिडिशच्या अभ्यासकाने १९४५ साली एक विनोद नोंदवून ठेवला आहे. जिच्याजवळ फौज आणि आरमार असते ती भाषा, असा त्याचा मथितार्थ. आमच्या तालुक्यातल्या थाळनेरला फारुकी राजांची पहिली गादी होती. किल्ला होता, फौज होती, तापीत नावाही असतील. पण ती फौज अहिराणीसाठी लढल्याचे ऐकिवात नाही. संधी चौदाव्या शतकातच हुकली.

या प्राध्यापकांची आणखी एक खोड गावाला विशेष परिचयाची आहे. कोणत्याही सभेत कोणी ‘बहिणाबाईंची अहिराणी’ असे म्हणाला की मागच्या रांगेतून एक हात वर येतो. बहिणाबाईंची भाषा अहिराणी नव्हे. ती जळगावकडची लेवा गणबोली. हात वर करणारे बरोबर असतात, आणि म्हणूनच सभेला नकोसे होतात. पण बहिणाबाईंच्या ओव्या १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या त्या सोपानदेवांनी आईचे शब्द कागदावर उतरून ठेवले म्हणून. शाळेत न गेलेल्या आईच्या तोंडी जसे होते तसे ठेवले म्हणून. कोणी ‘ळ’ दुरुस्त केला असता तर काय उरले असते, याचा विचार मागच्या रांगेतल्या हाताने केलेला असतो.

हे सर्व सांगितल्यावर आमच्या घरी उतरलेल्या प्राध्यापकांविषयी सांगायला हरकत नाही. नाव आणि विद्यापीठ सांगत नाही. वरील सर्व गोष्टी त्यांच्या अंगी होत्या एवढे पुरे. आमची मोठी माय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. प्राध्यापकांना असेच माणूस हवे होते : म्हातारे, न शिकलेले, गाव न सोडलेले आणि दात शाबूत असलेले. शेवटची अट दंत्य वर्णांसाठी. मोठ्या मायने चारही अटी पुऱ्या केल्या.

सुरुवात शब्दांच्या यादीने झाली. मॉरिस स्वाडेश नावाच्या अमेरिकन पंडिताने अशी एक यादी करून ठेवली आहे. जगातल्या कोणत्याही भाषेत असतीलच अशा शब्दांची. त्यात आई, पाणी, आग, हाड, राख, यकृत आणि ऊ हे शब्द येतात. प्राध्यापक पाट ओढून बसले, यंत्र सुरू केले आणि अत्यंत आदराने म्हणाले, ‘आजी, उवेला तुमच्याकडे काय म्हणतात?’

मोठ्या मायने डोक्यावरचा पदर नीट केला आणि थंडपणे सांगितले, ‘आमना घरमा नही.’

यकृतापर्यंत यादी पोचली नाही. प्राध्यापक क्रियापदांकडे वळले. ‘आजी, समजा तुम्ही मला सांगताय की मी काल गेलो. तर “मी गेलो” हे तुम्ही कसे म्हणाल?’ मोठी माय म्हणाली, ‘तुम्ही गयात.’ प्राध्यापक म्हणाले, ‘नाही, नाही, मी नाही. “मी गेलो.”’ मोठी माय म्हणाली, ‘हां, तुम्हीच गयात ना.’ हा संवाद दहा मिनिटे चालला. प्राध्यापकांना प्रथम पुरुष हवा होता, मोठी माय समोरच्या पुरुषाविषयी बोलत होती, आणि तिचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. अखेरीस तिने त्या गृहस्थाची कीव येऊन विचारले, ‘कथा?’

अहिराणीत ‘कथा’ म्हणजे कुठे, कोणीकडे. हा भला माणूस काल कुठे गेला होता, ते तिला जाणून घ्यायचे होते. प्राध्यापकांना वाटले की आजी कथा सांगायला तयार झाल्या. ग्रिअर्सनच्या काळापासून हेच तर हवे होते! ते आनंदाने म्हणाले, ‘हो, हो, सांगा ना, तुमचीच सांगा.’ मोठ्या मायने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. तू कुठे गेली होतीस, असे तिला या वयात कोणी विचारले नव्हते. ती सांगू लागली.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीची गोष्ट होती. खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते; झोका असतो, गौराई असते. भाऊ मुराळी म्हणून येणार, तापी उतरून जायचे, असे ठरले होते. ती गाठोडे बांधून बसली. भाऊ आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला की तो पटकीने गेला. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती, आणि पाठ असल्यामुळे गाठोड्यापाशी आली की कोणी ना कोणी उठून जात असे. त्या दिवशी मोठी माय चाळीस मिनिटे बोलली. ‘वाट देखी देखी डोया थकी गयात,’ असे म्हणून ती थांबली.

प्राध्यापकांनी पुढे झुकून हलकेच विचारले, ‘शेवटचा शब्द पुन्हा एकदा म्हणाल का? डोया?’

मोठ्या मायने पदराने डोळे पुसले आणि म्हटले, ‘डोया.’

‘अजून एकदा?’

‘डोया.’

घरात कोणालाही ते रुचले नाही. आमच्या थोरल्या चुलतभावांनी त्यांना शेवभाजी वाढताना रस्सा जरा अधिकच झणझणीत वाढला, आणि प्राध्यापक नाक पुसत पुसत रात्री उशिरापर्यंत ‘झणझणीत’ या शब्दातील द्विरुक्तीवर बोलत राहिले. जाताना त्यांनी मोठ्या मायच्या पाया पडून विचारले, ‘आजी, तुमच्या भाषेचे नाव काय?’ ती म्हणाली, ‘भाषा? हाई ते आमनं बोलनं शे.’ हे उत्तर त्यांनी वहीत लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सहा महिन्यांनी टपालाने एक पाकीट आले. त्यात एक सी.डी. होती आणि एक बाड. बाडात मोठ्या मायचे प्रत्येक वाक्य तीन ओळींत मांडले होते. पहिल्या ओळीत तिचे शब्द, उच्चाराच्या खुणांसह. दुसरीत प्रत्येक शब्दाचे तुकडे : डोळा, अनेकवचन, थकणे, जाणे, भूतकाळ. तिसरीत प्रमाण मराठी भाषांतर. ती थांबली त्या प्रत्येक ठिकाणी कंसात सेकंद लिहिले होते. ती रडली त्या ठिकाणी लिहिले होते, ‘अस्पष्ट’. घरात यावर पुष्कळ हशा पिकला. आमच्याच मोठ्या मायचे आम्हांला भाषांतर! ते बाड कपाटावर गेले.

मोठी माय जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिच्या फोटोला हार आहे. घरातल्या तीन लग्नांच्या चित्रफितींत ती दिसते. तिन्हींत बँड वाजतो आहे आणि ती तोंड हलवते आहे. तिचा आवाज त्या एका सी.डी.खेरीज कुठेही नाही. पुण्यात वाढलेली तिची पणतवंडे मागच्या आखाजीला आली तेव्हा ती ऐकवली. आवाज खणखणीत होता. ‘डोया’ तर तीनदा. पोरे शांतपणे ऐकत होती. पाच मिनिटांनी त्यांतल्या थोरलीने विचारले, ‘ती काय म्हणतेय?’

बाड कपाटावरून उतरवले गेले. पोरगी पहिल्या ओळीवर बोट ठेवी, दुसरीवर नेई आणि तिसरी वाचून मान डोलवी. बायबलातला, संस्कृतातला किंवा आणखी कुठला मजकूर वाचावा तसे ते वाचन चालले होते. तिसरी ओळ कोणासाठी लिहिली होती ते त्या दिवशी दिसले. ज्या माणसाला वांग्याचा भाव करता येत नव्हता त्याने हे गिऱ्हाईक आधी पाहून ठेवले होते. ‘अस्पष्ट’ या शब्दापाशी पोरगी थांबली, यंत्र मागे नेऊन तेवढेच पुन्हा ऐकले, आणि म्हणाली, ‘अस्पष्ट काय? रडतेय ती.’ प्राध्यापकांना इतके तरी कळायला हवे होते, हे आमचे मत कायम आहे.

शिरपुरात अहिराणी मेली असे कोणी समजू नये. ती बाजारात आहे, बांधावर आहे, भांडणात तर भरपूर आहे, मोबाइलवरच्या गाण्यांत आणि विनोदी चित्रफितींत आहे. पण वाढत्या गावात तिच्या जागा ठरून गेल्या आहेत. बैलांशी, म्हाताऱ्यांशी आणि रागाने बोलायची ती अहिराणी, लेकरांशी मराठी, आणि लेकरांच्या शाळेतल्या बाईंशी जे काही जमेल ते इंग्रजी. ‘मना’ म्हटले की वर्गात हसू होते, हे लेकरू पहिल्या आठवड्यात शिकते. उरलेली बाराखडी नंतर. जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली सुमारे १८ लाख ६० हजार. त्या दहा वर्षांत खानदेशातली माणसे कमी झाली नाहीत. पुष्कळांनी घरी एक भाषा बोलून रकान्यात दुसरी सांगितली असेल, आणि पुष्कळांची घरातलीही बदलली असेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा शिरपूरलाही आनंद झाला. पण थोरलीच्या घरी पाळणा हलला म्हणून धाकटीच्या घरातला दिवा कोणी विझवत नाही.

हा दिवा जपण्यासाठी अहिराणीचे शब्दकोश करणारी, अहिराणीतून नियतकालिक चालवणारी माणसे खानदेशात आणि बागलाणात झाली व आहेत. त्यांतली बरीचशी त्याच मागच्या रांगेतल्या हाताची, सेकंद मोजणारी, तोंडाकडे पाहणारी. मडके हवे असेल तर लोक कुंभाराकडे जातात, शब्द हवा म्हणून कोणी वैयाकरणाकडे जात नाही, असेही पतंजलीने लिहून ठेवले आहे. त्याच्या काळी ते खरे होते. शब्द घरात होते.

पुढची जनगणना होईल तेव्हा दारात येणारी व्यक्ती बहुधा एखाद्या शाळेतले गुरुजी किंवा बाई असतील, इथल्याच, घरी ‘काया’ आणि ‘डोया’ म्हणणाऱ्या. त्या शुद्ध मराठीत विचारतील, ‘मातृभाषा?’ मोठ्या मायचे ‘आमनं बोलनं’ रकान्यात बसणार नाही. म्हणून आम्ही अहिराणी असे सांगणार आहोत, आणि ते तसेच लिहिले जाते की नाही हे खुर्चीवरून वाकून पाहणार आहोत. एखादे प्राध्यापक त्या दिवशी घरी आले असतील तर तेही वाकतील. मात्र ते रकान्याकडे पाहणार नाहीत. गुरुजींच्या ‘ळ’कडे पाहतील.